राखणदाराच्या हाती काय द्यावे?

प्रस्तावना

नाशिकच्या वर्तमानपत्रांत लाचखोरीच्या सापळ्याची बातमी नसलेला आठवडा क्वचितच जातो. कधी तलाठी, कधी हवालदार, कधी वीज कंपनीचा अभियंता. ऑगस्ट २०२१ मध्ये जिल्हा परिषदेच्या शिक्षणाधिकाऱ्यांवर ८ लाखांच्या प्रकरणात कारवाई झाली, तर ऑगस्ट २०२३ मध्ये नाशिकच्या तहसीलदारांवर १५ लाखांच्या. सापळ्यात अडकणे म्हणजे दोष सिद्ध होणे नव्हे, हे मान्य करूनही अशा बातम्या वाचताना संताप येतो. मग कट्ट्यावर, एसटीत, बाजार समितीच्या आवारात एकच मागणी ऐकू येते: या सगळ्यांच्या डोक्यावर एखादा कडक माणूस बसवा, त्याला पूर्ण अधिकार द्या, आणि मधे कोर्टकचेरी नको.

हे पुस्तक त्या मागणीविषयी आहे. संताप खरा आहे आणि तो शमावा अशी माझी मुळीच इच्छा नाही. फेरफाराची नोंद लावून घेण्यासाठी चार महिने हेलपाटे घालणाऱ्या शेतकऱ्याला कुणी संयमाचे धडे देऊ नयेत. पण ‘पूर्ण अधिकार’ या दोन शब्दांत मोठा धोका आहे आणि तो नाशिक जिल्ह्याइतका जवळून फार थोड्या जिल्ह्यांनी पाहिला असेल. राखणदार दुबळा असला तर काय होते, विकला गेला तर काय होते आणि अतिबलवान झाला तर काय होते, या तिन्ही प्रश्नांची उत्तरे गेल्या पंचवीस वर्षांत या जिल्ह्याशी जोडलेल्या घटनांनी दिली आहेत. माझे म्हणणे थोडक्यात असे: राखणदाराला पाहण्याचा अधिकार, संरक्षण आणि कामाची मुदत भरपूर द्यावी. पकडणे, खटला चालवणे आणि शिक्षा देणे ही कामे मात्र एका हातात कधीही एकवटू देऊ नयेत, आणि प्रत्येक राखणदाराला विचारणारा दुसरा कुणीतरी असावा.

पहिली घटना मनमाडची. मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे २५ जानेवारी २०११ रोजी, प्रजासत्ताक दिनाच्या आदल्या दिवशी, त्या बाजूने चालले होते. मनमाडजवळ पानेवाडी परिसरात तेल कंपन्यांचे डेपो आहेत. तिथून निघणाऱ्या टँकरमधून इंधन काढायचे आणि त्यात भेसळ करायची हा धंदा परिसरात सर्वांना ठाऊक होता. एका ढाब्याजवळ सोनवणे यांना तो उघड चाललेला दिसला. ते थांबले आणि त्याचे चित्रण करू लागले. सोबत पोलीस नव्हते. टोळीने त्यांना भर दिवसा पेटवून दिले. हल्ल्यातील मुख्य संशयित पोपट शिंदे हाही भाजला आणि पुढे मरण पावला. त्यानंतर राज्यभरातील सरकारी कर्मचारी संपावर गेले, ठिकठिकाणी छापे पडले, मंत्र्यांनी घोषणा केल्या.

सोनवणे यांच्याकडे कायद्याने अधिकार कमी नव्हते. अपर जिल्हाधिकारी हे जिल्ह्यातले मोठे पद आहे. कमी होती ती व्यवस्था. जो धंदा सर्वांना माहीत होता, तो पोलिसांना, पुरवठा खात्याला आणि तेल कंपन्यांना दिसत नव्हता किंवा पाहायचा नव्हता. अशा वेळी एकटा प्रामाणिक माणूस जिवाची बाजी लावतो आणि आपण त्याला हुतात्मा म्हणून मोकळे होतो. अधिक अधिकारांची मागणी करताना ही घटना विसरता येणार नाही. इथे गरज होती ती सोबतच्या दोन शिपायांची, टँकर कुठे थांबतो ते दाखवणाऱ्या यंत्रणेची, आणि तक्रार आल्यावर ती दाबून ठेवणाऱ्याला जाब विचारणाऱ्या वरिष्ठाची.

दुसरी घटना तेलगीची. नाशिकरोडच्या इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये देशाचे मुद्रांक छापले जातात. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरचा अब्दुल करीम तेलगी याने या प्रेसमधून मोडीत निघालेली छपाईयंत्रे मिळवली आणि बनावट मुद्रांकांचे जाळे अनेक राज्यांत पसरवले. नोव्हेंबर २००१ मध्ये त्याला अजमेरला अटक झाली. त्यानंतर जे घडले, ते मूळ गुन्ह्यापेक्षा मला अधिक गंभीर वाटते. तपास करणाऱ्या पोलिसांपैकीच काहींनी त्याच्याशी संधान बांधले. कोठडीत असायला हवा होता तो तेलगी जानेवारी २००३ मध्ये मुंबईत कफ परेडच्या सदनिकेत सापडला. कुंपणच शेत खाऊ लागले होते. अण्णा हजारे यांनी मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका केली, न्यायालयाने निवृत्त पोलीस महासंचालक एस. एस. पुरी यांच्याकडे तपासाची देखरेख दिली आणि मग भराभर अटका झाल्या. १ डिसेंबर २००३ रोजी, निवृत्तीच्या दुसऱ्याच दिवशी, मुंबईचे पोलीस आयुक्त रणजित सिंह शर्मा यांना मोक्काखाली, म्हणजे राज्याच्या संघटित गुन्हेगारी नियंत्रण कायद्याखाली, अटक झाली.

इथवरची गोष्ट आपल्याला आवडते: बड्यालाही सोडले नाही. पुढची गोष्ट कुणी सांगत नाही. मोक्काची जामिनाची अट अशी आहे की आरोपी दोषी नसावा असे मानायला वाजवी कारण आहे, याची न्यायाधीशांना खात्री पटल्याशिवाय तो सुटत नाही. शर्मा यांना जामीन मिळाला तो एप्रिल २००५ मध्ये, सर्वोच्च न्यायालयातून. या कडक अटीचा अर्थ न्यायालयांनी किती ताणावा याला त्या निकालाने मर्यादा घातली. २००७ मध्ये शर्मा यांना आरोपांतून वगळण्यात आले. म्हणजे एकाच प्रकरणात राखणदार विकला गेलेलाही दिसला, आणि राखणदाराला पकडणाऱ्या राखणदाराने माणसाला वर्षाहून अधिक काळ तुरुंगात ठेवल्यावर खटला उभाच राहिला नाही, हेही दिसले. आणखी एक नोंद नाशिकची. रेल्वेतून मुद्रांक पळवल्याच्या खटल्यात नाशिकच्या न्यायालयाने डिसेंबर २०१८ मध्ये तेलगी आणि इतरांना पुराव्याअभावी निर्दोष ठरवले. तेव्हा तेलगीच्या मृत्यूला वर्ष उलटून गेले होते.

तिसरी घटना छगन भुजबळांची. येवल्याचे आमदार, राज्याचे माजी उपमुख्यमंत्री. त्यांच्याविषयी नाशिक जिल्ह्यात तटस्थ माणूस सापडणे कठीण. वाचकांनी ती मते क्षणभर बाजूला ठेवावीत, कारण मला इथे माणसाचा निवाडा करायचा नाही, कायदा कसा चालला ते पाहायचे आहे. दिल्लीतील महाराष्ट्र सदनाच्या बांधकामातील गैरव्यवहाराच्या आरोपांवरून लाचलुचपत प्रतिबंधक विभागाने गुन्हा नोंदवला. त्याच्या आधारे सक्तवसुली संचालनालयाने, म्हणजे ज्याला सगळे ‘ईडी’ म्हणतात त्याने, १४ मार्च २०१६ रोजी त्यांना अटक केली. मनी लाँडरिंग प्रतिबंधक कायद्याच्या ४५व्या कलमात जामिनाची जवळपास मोक्कासारखीच अट होती. नोव्हेंबर २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती घटनाबाह्य ठरवली आणि ४ मे २०१८ रोजी उच्च न्यायालयाने भुजबळांना जामीन दिला. तोवर दोन वर्षांहून अधिक काळ गेला होता. सप्टेंबर २०२१ मध्ये महाराष्ट्र सदनाच्या मूळ लाचलुचपत प्रकरणातून विशेष न्यायालयाने त्यांना वगळले. संसदेने दरम्यान कायद्यात दुरुस्ती केली होती आणि जुलै २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जामिनाची अट पुन्हा वैध ठरवली. मूळ गुन्ह्यातून माणूस सुटला तर मनी लाँडरिंगचा गुन्हाही टिकत नाही, असेही त्याच निकालात म्हटले आहे. तोवर भोगलेल्या तुरुंगवासाचे काय, याचे उत्तर मात्र कायद्यात नाही.

भुजबळ मोठे नेते आहेत, त्यांच्याकडे वकील होते, पक्ष होता, ते परत आले आणि मंत्रीही झाले. हेच कलम मालेगावच्या एखाद्या व्यापाऱ्याला किंवा सिन्नरच्या छोट्या ठेकेदाराला लागले तर? आज ‘ईडी लावू’ ही गावपातळीवरच्या राजकारणातली धमकी झाली आहे. ज्या कायद्याचे नाव धमकीसाठी वापरले जाते, त्याने भ्रष्टाचार कमी झाला असे मी मानत नाही. त्याने निष्ठा बदलतात.

या तीन घटनांनंतर अधिकार नेमके कसे बांधावेत हे पाहायचे, तर आपल्याकडचे एक जुने उदाहरण चांगले आहे, आणि त्याविषयी लोकांना फार कमी माहिती असते. ते म्हणजे खुद्द सापळा.

राज्याचा लाचलुचपत प्रतिबंधक विभाग १९५७ साली स्थापन झाला. नाशिक परिक्षेत्रात नाशिक, अहिल्यानगर, जळगाव, धुळे आणि नंदुरबार असे पाच जिल्हे येतात. सापळ्याची सुरुवात तक्रारदारापासून होते. १०६४ या क्रमांकावर फोन करता येतो किंवा कार्यालयात जाता येते. लगेच छापा पडत नाही. आधी पडताळणी होते: तक्रारदार पुन्हा त्या कर्मचाऱ्याकडे जातो, सोबत रेकॉर्डर असतो आणि पंच असतो. मागणी खरोखर झाली हे ऐकल्यावरच पुढचे पाऊल. पंच दुसऱ्या सरकारी कार्यालयातून बोलावलेले असतात, म्हणजे विभागाची माणसे स्वतःच स्वतःची साक्षीदार होत नाहीत. नोटांचे क्रमांक पंचनाम्यात लिहिले जातात, नोटांना फिनॉल्फ्थॅलिनची पावडर लावली जाते. पैसे घेतल्यावर बोटे सोडियम कार्बोनेटच्या पाण्यात बुडवली की पाणी गुलाबी होते, आणि त्या पाण्याच्या बाटल्याही सील करून प्रयोगशाळेत जातात.

या पद्धतीकडे नीट पाहिले की लक्षात येते, की प्रत्येक पायरीवर विभागाचा हात दुसऱ्या कुणाच्या तरी हातात बांधलेला आहे. तक्रारदाराशिवाय सुरुवात नाही, मागणीच्या पुराव्याशिवाय सापळा नाही, पंचांशिवाय पंचनामा नाही. खटल्यासाठी सक्षम अधिकाऱ्याची मंजुरी लागते आणि शिक्षा न्यायालयच देते. लाचेची मागणी आणि स्वीकार हे दोन्ही सिद्ध व्हायलाच हवेत, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने डिसेंबर २०२२ मध्ये पुन्हा सांगितले. त्याच वेळी, तक्रारदार फुटला किंवा मरण पावला तरी परिस्थितीजन्य पुराव्यावर गुन्हा सिद्ध होऊ शकतो, असा मार्गही खुला ठेवला. इतकी बंधने असूनही नाशिक परिक्षेत्रात सापळे मोठ्या संख्येने होतात. बंधनांमुळे काम अडते हा दावा म्हणूनच मला पटत नाही.

काम अडते ते सापळ्यानंतर. २०१८ च्या दुरुस्तीनुसार खटल्याच्या मंजुरीवर तीन महिन्यांत, फार तर आणखी एका महिन्यात निर्णय व्हायला हवा. प्रत्यक्षात फाइल मंत्रालयात फिरत राहते, निलंबित कर्मचारी पुन्हा कामावर येतो, तक्रारदाराला त्याच टेबलासमोर उभे राहावे लागते. आणि या विभागाचे मूळ दुखणे असे, की तो गृहखात्याच्या अधीन आहे. नोव्हेंबर २०१९ मध्ये, राज्यात सरकार कुणाचे हेच ठरत नव्हते त्या दिवसांत, सिंचन प्रकरणातल्या ९ चौकश्या बंद केल्या गेल्या. त्यांचा कोणत्याही नेत्याशी संबंध नसल्याचे विभागाने सांगितले. तसे असेलही. पण ज्या विभागाच्या अशा निर्णयाची वेळ पाहून लोकांच्या मनात शंका येते, त्याला अधिक अधिकार देण्याआधी अधिक स्वायत्तता द्यायला हवी. या दोन गोष्टी एक नव्हेत, आणि आपल्या चर्चेत त्यांची सतत गल्लत होते.

सिंचनाचा उल्लेख आला, तर त्यातला नाशिकचा माणूस सांगितलाच पाहिजे. विजय पांढरे हे नाशिकच्या ‘मेटा’ या अभियंता प्रशिक्षण संस्थेत मुख्य अभियंता होते. २०१२ साली त्यांनी सरकारला पत्रे लिहून धरणांच्या कामांतली निकृष्टता आणि फुगवलेले खर्च मांडले. त्याच सुमारास राज्याच्या आर्थिक पाहणीतून दशकभरात सुमारे ७० हजार कोटी खर्चूनही सिंचनाखालील क्षेत्राचे प्रमाण केवळ ०.१ टक्का वाढल्याचे दिसत होते. सप्टेंबर २०१२ मध्ये उपमुख्यमंत्र्यांना राजीनामा द्यावा लागला, श्वेतपत्रिका निघाली, माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. पांढरे यांच्याकडे अटकेचा अधिकार नव्हता, छाप्याचा नव्हता. त्यांना आतले आकडे दिसत होते आणि ते लिहिण्याचे धैर्य होते. या राज्यातल्या भ्रष्टाचाराविरुद्धच्या लढ्यात माहितीने जे केले, ते बेड्यांनी क्वचितच केले आहे.

लोकायुक्ताचा प्रश्न या पुस्तकात सविस्तर आला आहे, म्हणून इथे थोडेच सांगतो. महाराष्ट्राने लोकायुक्ताचा कायदा १९७१ साली केला आणि देशात हे पद प्रत्यक्ष नेमणारे आपण पहिले राज्य. पण मुख्यमंत्री त्याच्या कक्षेबाहेर, स्वतःची तपासयंत्रणा नाही, आणि हाती केवळ शिफारस. नवे विधेयक डिसेंबर २०२२ मध्ये विधानसभेत आणि डिसेंबर २०२३ मध्ये विधान परिषदेत मंजूर झाले. त्यात मुख्यमंत्र्यांना कक्षेत घेतले, पण त्यांच्या चौकशीसाठी सभागृहाच्या दोन तृतीयांश सदस्यांची संमती हवी, अशी अट घातली. ज्याच्या पाठीशी बहुमत आहे त्याची चौकशी त्याच बहुमताने मंजूर करायची, हे मला मान्य नाही.

उलट टोकाचे उदाहरण शेजारी कर्नाटकात आहे. तिथल्या लोकायुक्ताकडे स्वतःचे पोलीस होते. न्या. संतोष हेगडे यांनी २०११ मध्ये बेल्लारीच्या खाणींवर अहवाल दिला आणि मुख्यमंत्री येडियुरप्पांना पायउतार व्हावे लागले. देशभर वाहवा झाली. चारच वर्षांत, २०१५ मध्ये, त्याच लोकायुक्त कार्यालयातून अधिकाऱ्यांकडे खंडणी मागितली जात असल्याची तक्रार आली, लोकायुक्तांच्या मुलाला अटक झाली आणि लोकायुक्त न्या. भास्कर राव यांनी राजीनामा दिला. सरकारने ती संधी साधून २०१६ मध्ये स्वतःच्या हाताखाली वेगळा विभाग काढला, जो उच्च न्यायालयाने २०२२ मध्ये रद्द केला. कार्यालय तेच, अधिकार तेच, बसणारा माणूस बदलला. हेगडे यांच्यासारखा माणूस मिळेल या भरवशावर कायदा लिहिता येत नाही.

हाँगकाँगने १९७४ साली स्थापन केलेला भ्रष्टाचारविरोधी आयोग जगभर आदर्श मानला जातो. त्याला व्यापक तपासाधिकार आहेत, पण खटला भरायचा की नाही हे तो ठरवत नाही. ते सरकारचे विधी अधिकारी ठरवतात. २०११ मध्ये दिल्लीत जनलोकपालाचे आंदोलन पेटले, तेव्हा अरुणा रॉय यांच्या गटाने हाच मुद्दा मांडला होता, की सगळे काम एका संस्थेकडे देण्याऐवजी अनेक छोट्या, वेगवेगळ्या संस्था असाव्यात. रामलीला मैदानाच्या गर्दीत तो आवाज दबला. मला तो आज अधिक बरोबर वाटतो.

त्या आंदोलनाचे नेते अण्णा हजारे यांचे नाव घेताना, महाराष्ट्राने एक गोष्ट फार नेमकी केली होती, तिचे श्रेय द्यायला हवे. सप्टेंबर २००३ मध्ये नेमलेल्या न्या. पी. बी. सावंत आयोगाने चार मंत्र्यांवरच्या आरोपांची चौकशी केली आणि त्याचबरोबर अण्णांशी संबंधित संस्थांचीही. फेब्रुवारी २००५ च्या अहवालात मंत्र्यांवर ठपके होते, सुरेश जैन आणि नवाब मलिक यांनी राजीनामे दिले. हिंद स्वराज ट्रस्टचा पैसा अण्णांच्या वाढदिवसाच्या कार्यक्रमावर खर्च झाला, यावरही आयोगाने ठपका ठेवला. अनेकांना तेव्हा हा अण्णांचा अपमान वाटला. मला तो आयोगाचा सर्वांत मोठा गुण वाटतो. त्याच अण्णांना त्याआधी, १९९८ मध्ये, देवळालीचे आमदार आणि तेव्हाचे मंत्री बबनराव घोलप यांच्या बदनामीच्या खटल्यात तीन महिन्यांची शिक्षा झाली होती, हेही लक्षात ठेवावे. तक्रार करणाऱ्याला जाब द्यावा लागला पाहिजे, पण तुरुंगाच्या भीतीने त्याचे तोंड बंद होता कामा नये. ही सीमा आखणे सोपे नाही, आणि ‘बदनामी’ या प्रकरणात मी त्यासाठी बरीच पाने खर्च केली आहेत.

माहिती अधिकाराबाबतही तेच. राज्याचा कायदा २००२ चा, केंद्राचा १२ ऑक्टोबर २००५ पासून. अर्ज टाकून ठेकेदारांकडून पैसे उकळणारी माणसे आहेत, हे नाकारण्यात अर्थ नाही. त्यावरचा उपाय अर्ज अवघड करणे हा नव्हे. ज्या माहितीसाठी उकळपट्टी होते ती आधीच भिंतीवर लावली, तर उकळायला काय उरते? कायद्याचे चौथे कलम हेच सांगते: बिले, मोजमापे, परवाने, खर्च आपणहून जाहीर करा. ते पाळले जात नाही. राज्य माहिती आयोगाचे खंडपीठ नाशिकमध्ये आहे, पण दुसऱ्या अपिलाला वर्षानुवर्षे लागणार असतील तर ३० दिवसांच्या मुदतीला कोण विचारतो? २०१५ च्या सेवा हमी कायद्याने दाखले आणि नोंदींना मुदत घातली, मुदत चुकवणाऱ्याला ५०० ते ५ हजारांपर्यंत दंड ठेवला. हा कायदा मला सापळ्यापेक्षाही महत्त्वाचा वाटतो. बहुतेक लाच विलंबाची असते, आणि जिथे विलंब करण्याची सोयच नाही तिथे राखणदारही कमी लागतात.

पुढील प्रकरणांत मी प्रत्येक यंत्रणेला तेच चार प्रश्न विचारले आहेत: तिला काय दिसते, ती काय करू शकते, किती दिवसांत करायला हवे, आणि ती चुकली तर तिला कोण विचारते. वाचकांनीही ते विचारावेत. पुढच्या वेळी सापळ्याची बातमी वाचाल तेव्हा तिथे थांबू नका. तीन महिन्यांनी त्या खात्यात माहिती अधिकाराचा अर्ज करून विचारा, की खटल्याच्या मंजुरीचा प्रस्ताव कधी आला आणि तो कोणाच्या टेबलावर किती दिवस आहे. लाच देणे भाग पडले असेल तर सात दिवसांच्या आत तक्रार करा, म्हणजे कायद्याने तुम्ही गुन्हेगार ठरत नाही. आणि लोकायुक्त कायद्यातली दोन तृतीयांश संमतीची अट काढून टाकावी, यासाठी आपल्या मतदारसंघाच्या आमदाराला पत्र लिहा.